टेस्ट कोसळली की आधी काय करायचं?

(सॉफ्टवेअर कसं घडतं या विषयावरच्या जाहीर व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. निवडक प्रश्नोत्तरं शेवटी दिली आहेत.)



आजचा विषय वरवर पाहता छोटा आहे. कोणीतरी कोडमध्ये एक बदल केला, तो मुख्य शाखेत गेला, आणि कालपर्यंत व्यवस्थित चालणारी टेस्ट आज कोसळली. आता काय करायचं? सॉफ्टवेअरमध्ये काम करणाऱ्या प्रत्येकावर ही वेळ येते, बहुतेकदा शुक्रवारी संध्याकाळी येते, आणि त्या वेळी आपण जे करतो त्याचे परिणाम फार दूरवर जातात. हे मी पुस्तक वाचून सांगत नाही. मी स्वतः एकदा ही गोष्ट अगदी चुकीच्या पद्धतीने हाताळली होती. तिथूनच सुरुवात करतो.

दहा-बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. आमचं सॉफ्टवेअर पतसंस्थांसाठी होतं. खाती, ठेवी, पासबुक, सहामाही व्याज, असं सगळं. भाषा सी प्लस प्लस. आमच्याकडे नवीन लागलेल्या एका मुलीने तिचा पहिला मोठा बदल केला. खात्याच्या नोंदीत नॉमिनीचं नाव ठेवायची सोय. काम नीट केलेलं होतं. बदल मुख्य शाखेत गेला आणि अर्ध्या तासात व्याजाची टेस्ट कोसळली. ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "सर, माझ्या बदलात व्याजाचा संबंधच नाही हो." मी बदल चाळला. खरंच संबंध दिसत नव्हता. सोमवारी संस्थांना नवीन आवृत्ती द्यायची होती. मी काय केलं? ती टेस्ट बंद केली. वर एक शेरा लिहिला, "नंतर बघू." आणि घरी गेलो.

ते 'नंतर' कधी आलं, ते पुढे सांगतो. आधी थोडी जमीन तयार करू.

नापास होणं आणि कोसळणं

इथे प्रोग्रामर नसलेलेही बरेच जण आहेत, म्हणून एक मिनिट. टेस्ट म्हणजे प्रोग्रामला घातलेलं छोटं गणित, ज्याचं उत्तर आपल्याला आधीच माहीत असतं. इतकी रक्कम, इतका दर, इतके महिने, व्याज इतकं आलं पाहिजे. आलं तर हिरवा दिवा, नाही तर लाल. अशा शेकडो-हजारो टेस्ट प्रत्येक बदलानंतर आपोआप चालतात.

टेस्ट नापास होणं म्हणजे उत्तर चुकलं. पोरगं पेपर पूर्ण लिहून आलंय, एक गणित चुकलंय. कोसळणं म्हणजे पोरगं परीक्षेच्या हॉलमध्येच चक्कर येऊन पडलंय. त्याचं ते गणित बरोबर होतं की चूक, हा प्रश्नच आता उरत नाही, आणि पुढची गणितं तर त्याने पाहिलीही नाहीत.

हा फरक व्यवहारात महत्त्वाचा आहे. बऱ्याच ठिकाणी एकाच प्रोसेसमध्ये पन्नास टेस्ट एकामागून एक चालतात. सतरावी कोसळली की पुढच्या तेहतीस चालतच नाहीत. अहवालात एकच लाल रेघ दिसते, पण खरं पाहिलं तर तुम्ही तेहतीस गोष्टींबद्दल अंधारात आहात. म्हणून 'एकच तर टेस्ट पडलीय' हे वाक्य कोसळण्याच्या बाबतीत कधीही म्हणू नका.

कोसळताना प्रोग्राम जाता जाता एक आकडा मागे ठेवतो. लिनक्सच्या शेलमध्ये तो १३९ दिसला तर समजायचं की प्रोग्रामने स्वतःची नसलेली मेमरी वाचायचा किंवा लिहायचा प्रयत्न केला आणि ऑपरेटिंग सिस्टिमने त्याला थांबवलं. १३९ म्हणजे १२८ अधिक ११, आणि ११ हा त्या सिग्नलचा क्रमांक. १३४ दिसला तर १२८ अधिक ६. म्हणजे प्रोग्रामने आपणहून हात वर केले, आतली एखादी तपासणी चुकली आणि तो स्वतःच थांबला. हे दोन आकडे लक्षात ठेवा. पहिल्यात गुन्हेगार सहसा घटनास्थळी नसतो. दुसऱ्यात प्रोग्राम स्वतःच तक्रारदार असतो, त्यामुळे तपास सोपा जातो.

पहिलं काम: शाखा हिरवी करा

आता मुख्य मुद्दा. टेस्ट कोसळली की आपल्यासमोर खरं तर दोन कामं असतात. एक, सगळ्यांची वाट मोकळी करणं. दोन, कारण शोधणं. आपली गफलत ही होते की आपण ती एकत्र करतो. 'कारण सापडलं की दुरुस्त करू, दुरुस्त झालं की वाट मोकळी होईल.' आणि कारण सापडायला कधी वीस मिनिटं लागतात, कधी तीन दिवस.

त्या तीन दिवसांत काय होतं? मुख्य शाखेवर बाकीचे दहा जण काम करत असतात. त्यांच्या बदलांच्या टेस्टही लाल दिसतात. त्यांना वाटतं, हे तर कालपासूनच लाल आहे, आपलं काही नाही. मग एखाद्याचा खरोखरचा दोष त्या लाल रंगात लपून आत शिरतो. आता दोन दोष झाले, एकमेकांत गुंतलेले. लाल दिव्याची सवय लागणं ही यातली सगळ्यात महाग गोष्ट आहे. गल्लीतल्या एखाद्या गाडीचा अलार्म रोज रात्री वाजतो आणि मग कोणी खिडकीतूनही बघत नाही, तसं.

म्हणून पहिलं पाऊल: तो बदल मागे घ्या. गिटमध्ये यासाठी रिव्हर्ट आहे. तो इतिहास पुसत नाही. त्या बदलाच्या बरोबर उलटा असा एक नवा कमिट घालतो. मूळ काम कुठेही जात नाही. ते इतिहासात सुरक्षित असतं, उद्या परत आणता येतं.

मोठे प्रकल्प हे कसं करतात पाहा. एलएलव्हीएम नावाचा कंपायलरचा प्रकल्प आहे. जगभरातले लोक त्यात रोज बदल घालतात. त्यांच्या लिखित धोरणातच म्हटलंय की बदल मागे घेणं हा विकासाचा नेहमीचा, निरोगी भाग समजावा. मोझिलामध्ये, म्हणजे फायरफॉक्सवाल्यांकडे, यासाठी माणसंच नेमलेली असतात. त्यांना शेरीफ म्हणतात. टेस्ट पाडणारा बदल दिसला की ते तो बाहेर काढतात आणि लेखकाला कळवतात. तिथे कोणी याला अपमान समजत नाही.

आपल्याकडे मात्र समजतात. 'माझा कोड काढला' हे आपल्याला 'मला काढलं' असं ऐकू येतं. म्हणून रिव्हर्ट करणाऱ्यावरही एक जबाबदारी येते. नुसता बदल मागे घेऊन गप्प बसायचं नाही. संदेशात लिहायचं: कोणती टेस्ट कोसळली, कोणत्या मशीनवर, कोणत्या कंपायलरने, बाहेर पडताना आकडा काय होता, आणि हे पुन्हा घडवून बघायचं असेल तर नेमकी कोणती आज्ञा चालवायची. शेवटची गोष्ट सगळ्यात मोलाची. 'तुझ्या बदलाने टेस्ट पडली' हे आरोपपत्र झालं. 'ही आज्ञा चालव, तुलाही दिसेल' ही मदत झाली.

मग नेहमीच रिव्हर्ट करायचं का? नाही. तीन अपवाद मी मानतो. पहिला, चूक डोळ्यांसमोर आहे आणि दुरुस्ती एका ओळीची आहे. उदाहरणार्थ, एक फाइल जोडायची राहिली. तिथे पुढे जाऊन दुरुस्त करा, पण घड्याळ लावून. पंधरा मिनिटांत जमलं नाही तर रिव्हर्ट. दुसरा, त्या बदलावर आधारून आणखी पाच बदल आत आलेत आणि एक काढला तर सगळंच हलेल. तिसरा, बदलाने डेटाबेसची रचना बदलली आहे आणि नवीन रचनेत माहिती साठायला लागली आहे. तिथे कोड मागे गेला तरी माहिती मागे जात नाही. अशा वेळी थांबून, माणसं बसवून विचार करावा लागतो.

दुसरं काम: खरंच हाच बदल आहे का?

शाखा हिरवी झाली. आता शांतपणे तपास. पहिला प्रश्न असा की ज्याच्यावर संशय आहे तोच हा आहे का?

याची साधी परीक्षा: बदलाच्या आधीचा कोड घ्या, टेस्ट चालवा. बदलासह घ्या, चालवा. एकदा नव्हे, दहा-वीस वेळा. आधीच्या कोडवरही वीसात एकदा पडत असेल, तर रोग जुना आहे. बदलाने फक्त ताप वाढवलाय.

कोणता बदल ते माहीतच नसेल तर? समजा, ही टेस्ट फक्त रविवारी रात्री चालते आणि आठवड्यात हजार कमिट झालेत. इथे गिट बायसेक्ट कामाला येतं. तुम्ही त्याला एक चांगला कमिट सांगता, एक वाईट सांगता. ते मधला काढून देतं. तो चांगला निघाला तर पहिला अर्धा भाग बाद, वाईट निघाला तर दुसरा बाद. हजार कमिट असले तरी साधारण दहा वेळा टेस्ट चालवली की काम झालं. लाख असले तरी सतरा.

हे आपोआपही चालवता येतं, बायसेक्ट रन म्हणून. पण कोसळणाऱ्या टेस्टसाठी यात एक खड्डा आहे आणि त्यात मी पडलोय, म्हणून सांगतो. बायसेक्ट रन तुमच्या टेस्टचा बाहेर पडतानाचा आकडा बघतं. शून्य म्हणजे चांगला. १ ते १२७ म्हणजे वाईट. त्यातला १२५ खास आहे, 'हा कमिट तपासता येत नाही, वगळा' असा. बिल्डच होत नसेल तर तो द्यायचा. पण १२७ च्या वरचा आकडा आला तर बायसेक्ट शोधच थांबवतं. आता आठवा, कोसळलेल्या प्रोग्रामचा आकडा काय होता? १३९. म्हणजे तुम्ही रात्री शोध लावून निश्चिंत झोपता आणि सकाळी बघता तर तो पहिल्याच कोसळण्याला थांबलेला. उपाय सोपा आहे. टेस्ट एका छोट्या स्क्रिप्टमधून चालवा आणि ती कशीही पडली तरी स्क्रिप्टने १ हाच आकडा द्यावा.

दाखवणारा आणि करणारा

बायसेक्टने बोट दाखवलं. हाच बदल. आता सगळ्यात नाजूक जागा येते. बायसेक्ट तुम्हाला सांगतं की कोसळणं *कधी सुरू झालं*. चूक *कुठे आहे* हे ते सांगत नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

याचं एक गाजलेलं उदाहरण २०१० सालचं आहे. लिनक्सवर सी भाषेची जी मूळ लायब्ररी असते, जीलिबसी, तिच्यात मेमकॉपी नावाचं एक फंक्शन आहे. काम एवढंच की मेमरीतला एक तुकडा इथून उचलून तिथे ठेवायचा. नवीन प्रोसेसरवर हे वेगाने व्हावं म्हणून त्याची सुधारित आवृत्ती आली. ती काही वेळा मागच्या टोकाकडून पुढे नक्कल करायची. फेडोरा १४ मध्ये ही लायब्ररी गेली आणि लोकांच्या तक्रारी सुरू झाल्या: फ्लॅशच्या वेबसाइटवर गाणी लावली की आवाज खरखरतोय.

का? एसटीच्या लांब बाकावर माणसं बसलीत आणि प्रत्येकाला एक जागा डावीकडे सरकायचंय अशी कल्पना करा. डाव्या टोकापासून सुरुवात केली तर सगळे नीट सरकतात. उजव्या टोकापासून केली तर पहिलाच माणूस शेजाऱ्याच्या मांडीवर बसतो. मेमकॉपीचा नियम सी भाषेच्या प्रमाणात स्पष्ट लिहिलाय: जुनी जागा आणि नवी जागा एकमेकांवर येत असतील तर हे फंक्शन वापरू नका. त्यासाठी मेममूव्ह वेगळं दिलंय. फ्लॅशने तो नियम मोडला होता. पण जुनी मेमकॉपी योगायोगाने डावीकडून सरकवायची, त्यामुळे वर्षानुवर्षं कोणाच्या लक्षात आलं नाही. नव्याने दिशा बदलली आणि झाकलेली चूक उघडी पडली.

मग चूक कोणाची? यावर बरीच वादावादी झाली. लायब्ररीवाले म्हणाले, आम्ही प्रमाणाप्रमाणेच वागलो. लिनस टोरवाल्ड्स स्वतः त्या चर्चेत उतरले. त्यांचं म्हणणं असं होतं की सामान्य वापरणाऱ्याला प्रमाण काय म्हणतं याच्याशी देणंघेणं नाही, त्याचं चालू असलेलं बंद पडलं एवढंच त्याला दिसतं. शेवटी २०११ मध्ये आलेल्या जीलिबसी २.१४ मध्ये दोघांचीही सोय झाली. जुने प्रोग्राम आपोआप सुरक्षित, मेममूव्हसारख्या वागणाऱ्या आवृत्तीकडे जातात. नव्याने बांधलेल्यांना नवी वेगवान मेमकॉपी मिळते.

यातून घ्यायचं ते हे: 'बदल मागे घ्यावा का' आणि 'चूक बदलाची आहे का' हे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत. बदल शंभर टक्के बरोबर असू शकतो, आणि तरीही आज तो मागे घेणंच शहाणपणाचं असू शकतं.

आवाज बंद करण्याचा मोह

आता मी जे केलं त्याकडे येतो. टेस्ट बंद करणं. याचंही एक मोठं, सार्वजनिक उदाहरण आहे.

२००६ मध्ये डेबियनमध्ये ओपनएसएसएल या लायब्ररीवर व्हॅलग्राइंडसारखी तपासणीची साधनं कुरकुर करत होती की न भरलेली मेमरी वापरली जातेय. कुरकुर थांबावी म्हणून कोडमधल्या दोन ओळी काढल्या गेल्या. त्यातली एक काढल्याने खास काही बिघडलं नसतं. पण दुसरी ओळ, दिसायला अगदी पहिलीसारखीच, गुप्त किल्ल्या बनवण्यासाठी लागणारा सगळा यादृच्छिक मसाला आत मिसळणारी होती. ती गेली आणि मिसळायला उरला फक्त प्रोसेसचा क्रमांक. म्हणजे एका प्रकारच्या मशीनवर, एका लांबीच्या किल्ल्या बनू शकणार त्या जेमतेम ३२ हजार. एवढ्या किल्ल्या तर कोणीही बसून बनवून ठेवू शकतो. हे उघडकीला आलं मे २००८ मध्ये. जवळजवळ दोन वर्षं जगभर लोक कच्ची कुलुपं लावत होते आणि सगळे दिवे हिरवे होते.

त्या माणसाला मी दोष देत नाही. त्याने लायब्ररीवाल्यांना विचारलंही होतं. मुद्दा वेगळा आहे. तक्रार करणाऱ्या साधनाचा आवाज बंद करणं ही दुरुस्ती नव्हे. कधी कधी टेस्ट बंद करावी लागते, मला मान्य आहे. पण तेव्हा तीन गोष्टी लिहून ठेवा: का बंद केली, कोण बघणार, कोणत्या तारखेपर्यंत. आणि कोसळणारी टेस्ट बंद करायची वेळ आली तर आधी स्वतःला विचारा, हेच कोसळणं गिऱ्हाइकाकडे झालं तर?

तीस सप्टेंबरची रात्र

आमच्या गिऱ्हाइकाकडे ते झालं. तीस सप्टेंबरला सहामाही व्याज टाकायचं असतं. एका पतसंस्थेत रात्री कारकुनाने व्याजाचा प्रोग्राम सुरू केला. पहिल्या शाखेच्या खात्यांवर व्याज जमा झालं, नोंद झाली, आणि त्यानंतर यादी छापताना प्रोग्राम कोसळला. त्याने साहजिकच पुन्हा चालवला. पहिल्या शाखेला दुसऱ्यांदा व्याज. पुन्हा कोसळला. सकाळी लोक पासबुक भरायला रांगेत आणि एका शाखेतल्या प्रत्येकाच्या खात्यात व्याज दुप्पट. आदल्या दिवसाचा बॅकअप परत चढवला, दिवस हाताने नोंदी केल्या, काउंटर तीन तास उशिरा उघडलं. पैसे बुडले नाहीत. पण त्या संस्थेच्या मॅनेजरबाई फोनवर मला एवढंच म्हणाल्या, "साहेब, लोकांना वाटतं संस्था बुडायला लागली की असं होतं." त्यांचं बरोबर होतं. पतसंस्थेचं भांडवल म्हणजे लोकांचा विश्वास.

दुसऱ्या दिवशी ती मुलगी आणि मी तपासाला बसलो. तीन आठवड्यांपूर्वी जे करायला हवं होतं ते केलं. बंद केलेली टेस्ट चालू केली. कोसळली. नॉमिनीच्या नावाचा पत्ता ज्या पॉइंटरमध्ये असतो, तो शून्य झालेला होता. कोणी केला? डीबगरमध्ये वॉचपॉइंट लावला. म्हणजे मेमरीतल्या त्या जागेवर पाळत ठेवली, जो कोणी तिथे लिहील तिथे थांब. थांबला तो थेट व्याजाच्या फंक्शनमध्ये.

तिथे बारा महिन्यांच्या बारा कप्प्यांची एक रांग शून्य करणारी फेरी होती. ती बाराऐवजी तेरा कप्पे शून्य करत होती. 'पेक्षा लहान'च्या जागी 'पेक्षा लहान किंवा समान' लिहिलं होतं. तेराव्या कप्प्याच्या जागी पूर्वी पुढच्या कामासाठी राखून ठेवलेली, कोणी न वापरलेली जागा होती. तिथे शून्य लिहिलं तर कोणाचं काही जात नव्हतं. त्या मुलीने ती राखीव जागा वापरून नॉमिनीचं नाव बसवलं. अगदी रीतसर. रिकाम्या घरात रोज कोणी कचरा टाकत होतं, आता तिथे भाडेकरू राहायला आला, इतकंच.

ती फेरी कोणी लिहिली म्हणून इतिहास उघडला. सहा वर्षांपूर्वीची ओळ. नाव माझं.

ती काही बोलली नाही. पण तीन आठवडे ती मुलगी आपल्या बदलाने टेस्ट पडली या ओझ्याखाली वावरत होती, आणि दोष माझा होता. त्या शुक्रवारी मी तिचा बदल मागे घेतला असता, संदेशात नीट माहिती लिहिली असती आणि सोमवारी शांतपणे बसलो असतो, तर वॉचपॉइंट लावायला अर्धा तास लागला असता. नॉमिनीची सोय एक आठवडा उशिरा गेली असती. कोणाला कळलंही नसतं.

बदल परत आणताना

म्हणून शेवटची पायरी. मागे घेतलेला बदल परत आणायचा असतो. नाहीतर रिव्हर्टचा अर्थ खरोखरच शिक्षा असा होईल. परत आणताना तो तसाच्या तसा आणू नका. दोन कमिट करा. पहिल्यात जुन्या चुकीची दुरुस्ती आणि फक्त ती चूक पकडणारी छोटी टेस्ट. आमच्या बाबतीत, 'व्याज टाकल्यावर शेजारच्या जागेला धक्का लागलेला नाही' एवढं तपासणारी. दुसऱ्यात मूळ बदल. म्हणजे उद्या पुन्हा काही झालं तर बायसेक्टला दोन्ही वेगळे दिसतील. आणि संदेशात लिहा की पहिल्यांदा का मागे घेतला होता आणि आता काय वेगळं आहे. वाचणारा बहुतेकदा तुम्हीच असता, सहा वर्षांनंतरचे.

प्रश्नोत्तरं

*प्रश्न: तुमच्या वेळी अ‍ॅड्रेस सॅनिटायझर वापरला असता तर ही चूक लगेच सापडली नसती का?*

चांगला प्रश्न. बहुतेक नसती. अ‍ॅड्रेस सॅनिटायझर मेमरीच्या तुकड्यांच्या दोन्ही बाजूंना धोक्याचे पट्टे आखतो आणि पट्ट्यावर पाय पडला की ओरडतो. प्रोग्राम साधारण दुप्पट वेळ घेतो, पण किंमत वसूल होते, जरूर वापरा. आमची चूक मात्र एकाच नोंदीच्या पोटात होती, एका कप्प्यातून शेजारच्या कप्प्यात. तिथे पट्टा नसतो. ती पकडायला रांगेच्या मर्यादा तपासणारा वेगळा सॅनिटायझर लागतो, अनडिफाइंड बिहेवियरवाला. दोन्ही लावा. एका साधनाने हिरवं दाखवलं म्हणजे सगळं ठीक, असं धरू नका.

*प्रश्न: टेस्ट कधी पडते, कधी नाही. अशा वेळी पुन्हा चालवून हिरवी आली की पुढे जावं का?*

कोसळत असेल तर नाही. कधीतरी नापास होणाऱ्या टेस्टमागे कधी साधं कारण असतं. नेटवर्क मंद होतं, घड्याळ पुढे गेलं, किंवा टेस्टने एखाद्या गोष्टीचा क्रम गृहीत धरला. गो भाषेत मॅपमधल्या नोंदींचा क्रम मुद्दाम दर वेळी बदलता ठेवलाय, म्हणजे असं गृहीतक लवकर उघडं पडावं. पण कधीतरी *कोसळणारी* टेस्ट म्हणजे बहुतेकदा मेमरीची गडबड किंवा दोन धाग्यांची शर्यत. ती पुन्हा चालवून बरी होत नाही, फक्त दिसेनाशी होते. पुन्हा चालवायला हरकत नाही, पण पहिल्या वेळचा लॉग आणि कोअर फाइल आधी जपून ठेवा.

*प्रश्न: आमच्याकडे रिव्हर्ट केलं की वरिष्ठ विचारतात, चूक कोणाची? मग कोणीच रिव्हर्ट करत नाही.*

हा खरा प्रश्न आहे आणि तो तांत्रिक नाही. याला एकच उपाय मला ठाऊक आहे. वरिष्ठाने स्वतःचा बदल आधी मागे घ्यायचा, सगळ्यांसमोर, आणि संदेशात स्वच्छ लिहायचं की माझ्या बदलाने अमुक टेस्ट कोसळली, तपास करून परत आणतो. त्या घटनेनंतर आमच्याकडे मी हे सुरू केलं. पहिल्या महिन्यात तीनदा माझंच नाव होतं. चौथा रिव्हर्ट त्याच मुलीने केला. माझ्या बदलाचा. न विचारता. खाली टेस्टचं नाव, मशीन, आकडा आणि चालवायची आज्ञा, सगळं लिहिलेलं होतं. मला त्या दिवशी फार बरं वाटलं.